टाऊन हॉलमधील नाना शंकरशेट

कुड्याच्या लेण्यांत सहलीला जाऊन आलेल्या आपल्या विद्यार्थ्यांना सहाव्या लेण्यातील मोठी युगुलशिल्पे आठवतात. तेथला ब्राह्मी शिलालेख मात्र क्वचितच कोणाला आठवतो. खरे पाहता हा लेख शिल्पांइतकाच मोलाचा आहे. महाभोज खंदपालित याच्या पदरी असलेल्या घराण्यातील शिवम नावाच्या गृहस्थाने हे लेणे करविले. त्याचा थोरला भाऊ शिवभूती हा 'लेखक', म्हणजे आजच्या भाषेत दप्तरातला कारकून किंवा चिटणीस, होता. शिल्पांचे काम शिवमची पत्नी विजया आणि तिचे मुलगे यांच्या नावावर आहे, तर खांब त्यांच्या मुलींच्या नावावर आहेत. याच डोंगरातल्या इतर लेखांत एका माळ्याचे दान आहे, कऱ्हाडच्या एका लोखंडाच्या व्यापाऱ्याचे दान आहे. पैसा कोणी दिला, त्याचा बाप कोण, धंदा कोणता, हे सारे त्या लेखांत आहे. ज्याने छिन्नी चालविली त्याचे नाव मात्र कोठेही नाही.

दगडी स्मारक समोर आले की तीन प्रश्न विचारावेत असे मला वाटते. ते कोणी घडविले? पैसा कोणाचा? आणि ते आहे तेथेच का आहे? प्रस्तुत लेखात हे प्रश्न मुंबईच्या टाऊन हॉलमधील एका संगमरवरी पुतळ्याला विचारावयाचे आहेत. तो पुतळा जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेट यांचा. तळ्याच्या माणसाला त्याचे काय, असे कोणी म्हणेल. पण कुड्याचे लेख आपल्याला आज वाचता येतात त्यामागे याच वास्तूभोवती वावरणारी माणसे आहेत. जेम्स बर्जेस व भगवानलाल इंद्रजी यांनी पश्चिम हिंदुस्थानातील लेण्यांचे शिलालेख १८८१ मध्ये प्रसिद्ध केले, त्यांत कुड्याचेही होते. जुनागढच्या भगवानलालांना मुंबईत आणून संशोधनाला लावले ते डॉ. भाऊ दाजी लाड यांनी. भाऊ दाजींचे व्यासपीठ म्हणजे टाऊन हॉलमधील एशियाटिक सोसायटी, आणि भाऊ दाजींचे सार्वजनिक कामातले ज्येष्ठ सहकारी म्हणजे नाना.

आता थोडे वास्तूविषयी. फोर्टमध्ये हॉर्निमन सर्कलच्या समोर, रुंद पायऱ्यांची आणि डोरिक धर्तीच्या खांबांची ही पांढरी इमारत उभी आहे. कर्नल टॉमस कूपर याने तिचा आराखडा केला आणि १८३३ मध्ये ती पुरी झाली. प्रथम लॉटरी काढून पैसा उभारण्याचे प्रयत्न झाले. ते पुरेसे न पडल्याने सरकारला हात सैल सोडावा लागला. १८०४ मध्ये सर जेम्स मॅकिंटॉश यांनी स्थापिलेली लिटररी सोसायटी, म्हणजे पुढची एशियाटिक सोसायटी, येथेच नांदली. १ नोव्हेंबर १८५८ रोजी राणीचा जाहीरनामा मुंबईत वाचला गेला तो याच पायऱ्यांवरून. आज ही इमारत महाराष्ट्र शासनाची असून सोसायटीबरोबर राज्याचे मध्यवर्ती ग्रंथालयही तेथे आहे. तात्पर्य, ही जागा पहिल्यापासून अर्धी सरकारची व अर्धी विद्येची.

आत शिरले की पुतळेच पुतळे. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, सर जॉन माल्कम, त्यानंतरचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन व सर बार्टल फ्रियर, व्यापारी सर चार्ल्स फोर्ब्स. एल्फिन्स्टन, माल्कम व फोर्ब्स हे चॅन्ट्री या नामांकित इंग्रज शिल्पकाराच्या हातचे. १८१८ मध्ये आपला तळगड पेशव्यांकडून इंग्रजांच्या हाती गेला, आणि पुढच्याच वर्षी हा माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन मुंबईचा गव्हर्नर झाला. म्हणजे तळ्याच्या आजोबा-पणजोबांनी ज्याच्या नावाचे राज्य पाहिले तो साहेब येथे संगमरवरात उभा आहे. या साहेबांच्या मेळ्यात दोन देशी माणसे आहेत. एक सर जमशेटजी जीजीभाई, दुसरे नाना. ज्या सोसायटीने १८४० पर्यंत एकाही हिंदी माणसाला सभासद करून घेतले नव्हते, तिच्याच दारात ही दोघे आहेत. नाना सभासद झाले ते १८४५ मध्ये.

नानांचे चरित्र आपल्यापैकी अनेकांनी शाळेत धड्यापुरते वाचलेले असते, म्हणून येथे धावता उल्लेख पुरे. जन्म १० फेब्रुवारी १८०३, मृत्यू ३१ जुलै १८६५. मूळ आडनाव मुरकुटे, घराणे दैवज्ञ ब्राह्मणांचे, धंदा सराफीचा व व्यापाराचा. वडील शंकरशेट बाबुलशेट यांनी अमाप पैसा मिळविला. तो कसा खर्च करावा हे मुलाने दाखविले. १८४९ मध्ये मुलींच्या शाळेला त्यांनी आपल्या वाड्याच्या आवारात जागा दिली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला निघालेल्या पहिल्या आगगाडीमागे ज्यांचे प्रयत्न होते त्यांत ते होते. १८५२ मध्ये स्थापन झालेल्या बाँबे असोसिएशनचे ते अध्यक्ष. सत्तावनच्या धामधुमीत मुंबईच्या पोलिसांना त्यांच्यावर संशय आला आणि तो निराधार ठरला. १८६१ च्या कायद्यानंतर मुंबईच्या कायदे कौन्सिलात जे पहिले हिंदी सभासद नेमले गेले त्यांत त्यांचे नाव होते. संशयितापासून सल्लागारापर्यंतचा हा प्रवास पाच-सहा वर्षांतला आहे, आणि तो सरकारच्या मनाविषयी बरेच सांगून जातो.

परंतु या सर्वांहून आपल्याशी, म्हणजे मराठी माध्यमातून शिकून कला शाखेत आलेल्या मुलामुलींशी, ज्याचा संबंध आहे ती गोष्ट पुतळ्यात दिसत नाही. ती म्हणजे बोर्ड ऑफ एज्युकेशनमधला भाषेचा वाद.

मुंबई इलाख्याचे शिक्षण पाहण्यासाठी १८४० मध्ये हे बोर्ड नेमले गेले. नाना त्याचे सभासद होते व बोर्ड मोडून शिक्षण खाते निघेपर्यंत त्यांनी हे काम सोडले नाही. १८४३ पासून बोर्डाचे अध्यक्ष होते सर अर्स्किन पेरी, सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश. पेरींचे म्हणणे थोडक्यात असे: सरकारजवळ शिक्षणासाठी पैसा थोडा आहे, तो खेड्यापाड्यांतील शाळांवर पसरून दिला तर कोठेच काही उगवणार नाही. तेव्हा वरच्या वर्गातील निवडक मुलांना इंग्रजीतून उत्तम शिक्षण द्यावे, म्हणजे त्यांच्याकडून ज्ञान आपोआप खाली पाझरेल. या मताला बंगालचा दाखला होता आणि मेकॉलेचे वजन होते. पेरी हे दुष्ट गृहस्थ होते असे कोणी समजू नये. त्यांचा हिशेब पैशांचा होता, आणि पैशांच्या हिशेबाला उत्तर देणे नेहमीच कठीण जाते.

नानांनी उत्तर दिले. बोर्डातील त्यांच्या बाजूला फ्रामजी कावसजी, महंमद इब्राहिम मकबा आणि कर्नल जॉर्ज जर्व्हिस होते. हे जर्व्हिस इंग्रज असून त्यांनी गणिताची पुस्तके मराठीत तयार करविण्याचे काम केले होते. त्यामुळे देशी भाषांत शास्त्र सांगता येत नाही हा मुद्दा त्यांच्यासमोर टिकण्यासारखा नव्हता. १८४७ मध्ये हा वाद शिगेला पोहोचला. नानांनी आपले मत लेखी टिपणात मांडले. त्याचा आशय असा की, इंग्रजी शिकण्यास त्यांचा विरोध नाही. उलट ज्यांना सवड आहे, ऐपत आहे त्यांनी ती चांगली शिकावी. पण रयतेपर्यंत ज्ञान न्यायचे तर ते तिच्या भाषेतूनच जाईल. परक्या भाषेची पायरी चढण्यातच मुलाची उमेदीची वर्षे खर्ची पडली तर शास्त्राकडे त्याने वळायचे केव्हा? म्हणून चांगल्या ग्रंथांची भाषांतरे करावीत, शिक्षक तयार करावेत आणि देशी शाळा वाढवाव्यात.

येथे एक विरोधाभास ध्यानात घेण्यासारखा आहे. शिक्षणाचा सारा लाभ ज्या वरच्या थरातील मुलांना द्यावा असे पेरी म्हणत होते, त्याच थरातले नाना होते. त्यांच्या घरी इंग्रज शिक्षक येत होते, त्यांना स्वतःला इंग्रजी उत्तम येत होते, आणि पेरींची योजना पार पडली असती तर त्यांच्या नातेवाइकांचे काही बिघडले नसते. बिघडले असते ते मुंबईबाहेरच्यांचे. त्या काळी तळ्याहून मुंबईस जायचे म्हणजे खाडीत मचव्याची वाट धरायची. अशा गावातल्या मुलाच्या वतीने बोर्डात कोण बोलणार होते? गिरगावातला एक सावकार बोलला. नानांच्या मोठेपणाचा हाच भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, रेल्वेपेक्षाही.

वादाचा निकाल काय लागला? सरकारने कोणालाच पूर्ण जिंकू दिले नाही. पेरींचे धोरण सर्वस्वी मान्य झाले नाही, देशी शाळा चालू राहिल्या. वरच्या शिक्षणात मात्र इंग्रजीचा जोर वाढत गेला. १८५४ च्या वुडच्या खलित्याने प्राथमिक शिक्षण देशी भाषेतून व उच्च शिक्षण इंग्रजीतून अशी वाटणी कायम केली. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ निघाले, नाना त्याच्या पहिल्या फेलोंपैकी होते. पुढे त्याच विद्यापीठाच्या वरच्या परीक्षांतून मराठी बाहेर पडली आणि ती परत आणण्यासाठी न्यायमूर्ती रानड्यांना अनेक वर्षे झगडावे लागले. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्याचा आनंद आहेच. पण नानांचा प्रश्न दर्जाचा नव्हता, वर्गात कोणत्या भाषेतून शिकवायचे याचा होता. तो प्रश्न आपल्या तालुक्यातल्या प्रत्येक घरात, मूल पाच वर्षांचे झाले की, आजही बसून चर्चिला जातो.

आता पुन्हा पुतळ्याकडे. तो घडविला मॅथ्यू नोबल (१८१७–१८७६) या लंडनच्या शिल्पकाराने. त्या काळी मुंबईत मोठा पुतळा हवा म्हणजे मागणी विलायतेला जाई आणि काम पुरे झाले की ते जहाजाने येई. जे. जे. कलाशाळा १८५७ मध्ये सुरू झाली होती खरी, पण एवढे काम देशी हाताकडे सोपविण्याची कल्पना कोणाच्या डोक्यात आली नसावी. हा काळ बदलायला दोन पिढ्या लागल्या. आपल्याच जिल्ह्यातील, अलिबागजवळच्या सासवण्याचे विनायक पांडुरंग करमरकर (१८९१–१९६७) यांनी पुण्याचा शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा घडविला, तो १९२८ साली उभा राहिला. करमरकरांच्या गुणांची पारख प्रथम केली ती कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांनी, सासवण्याच्या देवळाच्या भिंतीवर त्यांनी काढलेले शिवाजीमहाराजांचे चित्र पाहून. ज्यांनी त्यांचे सासवण्याचे संग्रहालय अजून पाहिले नसेल त्यांनी जरूर पाहावे. मांडवा बंदरापासून ते दूर नाही.

नोबलच्या हातचे दुसरे काम मुंबईत होते आणि त्याची कथा नानांच्या पुतळ्याशेजारी ठेवून पाहण्याजोगी आहे. बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी व्हिक्टोरिया राणीचा मोठा संगमरवरी पुतळा करविला. सिंहासनावर बसलेली राणी, डोक्यावर नक्षीदार छत्री. १८७२ मध्ये तो मुंबईत उघडा झाला. संस्थानिकाची भेट ती. थाटात उणीव नव्हती. १८९६ मध्ये दामोदर चापेकर यांनी त्याच पुतळ्याला डांबर फासले व जोड्यांची माळ घातली. स्वातंत्र्यानंतर, १९६५ मध्ये, मुंबईच्या रस्त्यांवरचे इंग्रजी पुतळे हलविले गेले, आणि राणी भायखळ्याच्या राणीच्या बागेत भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात येऊन बसली. तिचे नाक जाग्यावर नाही. ज्या संग्रहालयात तिला आसरा मिळाला ते उभारण्यात नाना आणि भाऊ दाजी हे दोघेही पुढे होते, आणि त्याचे पूर्वीचे नाव तिच्या व तिच्या पतीच्या नावावरून व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियम असे होते. १९७५ मध्ये ते बदलून भाऊ दाजींचे दिले गेले.

शिल्पकार एक, दगड एकाच जातीचा, आणि दैव मात्र असे वेगळे. याचे सोपे उत्तर असे की राणी परकी आणि नाना आपले. पण मग टाऊन हॉलमधला एल्फिन्स्टन कसा राहिला? माल्कम कसा राहिला? ते तर परकेच होते. मला वाटते येथे आपला तिसरा प्रश्न, जागेचा, उपयोगी पडतो. रस्त्यावरचा पुतळा हा सत्तेचा पहारा असतो, येणाऱ्याजाणाऱ्याने मान वर करून पाहावे अशी त्याची अपेक्षा असते. सत्ता गेली की पहारा उठतो. ग्रंथालयातला पुतळा मात्र वाचकांच्या सोबतीने जुना होतो. वर्तमानपत्र वाचायला आलेला पेन्शनर त्याच्याकडे पाहतही नाही, आणि हे दुर्लक्षच त्याला वाचविते. अर्थात दुर्लक्षाची किंमतही असते. त्या दालनातून रोज जाणाऱ्यांपैकी किती जणांना नाना व पेरी यांचा वाद ठाऊक असेल?

राहिला पैशाचा प्रश्न. येथे नानांनी स्वतः काय केले ते पाहणे बोधप्रद आहे. १८२७ मध्ये माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन मुंबई सोडून निघाला तेव्हा त्याचे स्मारक करावे असे सर्वांना वाटले. चॅन्ट्रीचा पुतळा झाला तो आपण पाहिलाच. पण मुंबईच्या देशी नागरिकांनी, ज्यांत पंचविशीही न गाठलेले नाना पुढे होते, त्याच्या नावाने निधी गोळा केला, तो इंग्रजी भाषा व पाश्चात्त्य शास्त्रे शिकविणारे अध्यापक नेमण्यासाठी. ही रक्कम दोन लाख रुपयांच्या वर गेली. आजच्या रुपयाने तिचे मोल करू नये. त्या काळी पाच-सात रुपये महिना मिळविणारा माणूस घर चालवीत असे. या निधीतूनच पुढे एल्फिन्स्टन कॉलेज उभे राहिले. दादाभाई, रानडे, भांडारकर यांच्या पिढीला शिकविले ते या पैशाने. नानांनी इंग्रजीला विरोध केला असे म्हणणाऱ्यांना याहून वेगळे उत्तर द्यायला नको.

नानांच्या वाट्यालाही अशीच दोन स्मारके आली. एक टाऊन हॉलमधला दगड. दुसरे, त्यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या घराण्याच्या देणगीतून विद्यापीठाने सुरू केलेली, मॅट्रिकला संस्कृतात पहिल्या येणाऱ्याला मिळणारी जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती. मराठीसाठी भांडलेल्या माणसाच्या नावे शिष्यवृत्ती असावी ती संस्कृतची! विद्यापीठात तेव्हा मराठीची जी अवस्था होती ती पाहता देणगी देणाऱ्यांना दोष देता येत नाही, तरीही हे खटकते एवढे खरे. या शिष्यवृत्तीची प्रतिष्ठा एवढी होती की एकेकाळी "शंकरशेट स्कॉलर" म्हटले की माणसाची ओळख आणखी करून द्यावी लागत नसे.

१९१२ च्या मॅट्रिकला ही शिष्यवृत्ती मिळविणारा, आणि सबंध परीक्षेतही पहिला आलेला मुलगा आपल्या भागातला होता. महाडजवळच्या नाते गावी १८९६ मध्ये जन्मलेला, आपल्या शेजारच्या रोह्यात लहानाचा मोठा झालेला चिंतामण द्वारकानाथ देशमुख. तोच पुढे आय.सी.एस. झाला, १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचा पहिला हिंदी गव्हर्नर झाला, स्वतंत्र भारताचा अर्थमंत्री झाला, आणि १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर, मराठी भाषकांच्या राज्यासाठी, त्याने ते मंत्रिपद सोडले. नानांच्या नावाची शिष्यवृत्ती ज्या संस्कृतासाठी त्याला मिळाली होती, त्या संस्कृतातले मेघदूत चिंतामणरावांनी मराठी पद्यात आणले.